टर्बो गाडीची हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जाते, कॉपरची टाकू की स्टीलची?

तुमची गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवल्यापासून हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील) दोनदा गेली. आता कॉपरची टाकावी की मल्टी-लेयर स्टीलची, आणि एआरपी कंपनीचे स्टड (हेड आवळणारे ताकदीचे आट्यांचे दांडे) लावले की प्रश्न मिटेल का, असं तुम्ही विचारलंय. गॅस्केट स्टीलचीच टाका. स्टड लावा, पण नुसत्या स्टडने मिटणार नाही.

मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीमुळे. "हेड दोन्ही वेळा फेस करून घेतलं, ब्लॉक चांगला आहे असं मेकॅनिक म्हणाला." फेस करणं म्हणजे मशीनवर पृष्ठभाग तासून सपाट करणं. पण ब्लॉक चांगला, हे कशावरून म्हणाला? बोट फिरवून? पट्टी ठेवून? हेड तसंही निघालेलं असतं, ते उचलून मशीन शॉपला नेता येतं. ब्लॉक फेस करायचा तर गिअरबॉक्स सोडवायचा, इंजिन उतरवायचं, पिस्टन-क्रँक बाहेर काढायचे. मजुरी कितीतरी वाढते आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून ब्लॉक न मोजताच चांगला ठरतो. गॅस्केट दोन पृष्ठभागांच्या मध्ये दाबली जाते आणि त्यातल्या एकाचंच काम करून लोक ती टिकेल अशी अपेक्षा धरतात. या एका मुद्द्यावर मी बऱ्याच मेकॅनिक मंडळींशी भांडलोय, आणि अजूनही भांडेन.

स्टीलची गॅस्केट म्हणजे स्प्रिंगसारख्या स्टेनलेस पत्र्याचे तीन ते पाच थर. प्रत्येक बोअरभोवती, म्हणजे सिलिंडरच्या भोकाभोवती, पत्र्याला उठावाची कडा दाबलेली असते, तीच ज्वलनाचा दाब अडवते. बाहेरच्या दोन्ही बाजूंना रबराचा, बहुधा व्हिटॉनचा, अगदी पातळ थर असतो. जाडी साधारण २५ मायक्रॉन. ब्लॉकवरचे ओरखडे भरायला तुमच्याकडे एवढंच साहित्य आहे. जुनी ग्रॅफाइटची किंवा फायबरची गॅस्केट मऊ असायची, ती खोल रेषांतही शिरायची. तिला १.५ ते २.५ मायक्रॉन आरए (पृष्ठभागाच्या सरासरी खरबरीतपणाचं माप) असा खरबरीत पृष्ठभाग चालतो, उलट पकड मिळायला तो बरा पडतो. स्टीलच्या गॅस्केटला १.२५ मायक्रॉनच्या वर चालत नाही. बूस्ट वाढवलेल्या इंजिनात मी ०.५ ते ०.७५ च्या आत मागतो.

एवढं गुळगुळीत कशाला, तर हेड आणि ब्लॉक एकमेकांवर सरकतात. तुमचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दर अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढतं, बीड ११ भाग. हेड ४०० मिलिमीटर लांब धरा आणि तापमान ८० अंशांनी वाढलं असं धरा. फरक ०.३८ मिलिमीटर येतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही टोकांना जवळजवळ ०.२ मिलिमीटर. गाडी गरम झाली की हेड तेवढं पसरतं, थंड झाली की परत येतं, आणि हे टनावारी दाबाखाली घडतं. ब्लॉक खरबरीत असेल तर तो कानशीसारखा तो २५ मायक्रॉनचा थर घासून काढतो. म्हणून अशी गॅस्केट पहिल्या दिवशी गळत नाही. चार-सहा महिन्यांनी कूलंट कमी व्हायला लागतं, मग टाकीत बुडबुडे दिसतात, आणि तोवर दोष गॅस्केटच्या ब्रँडवर ढकलून झालेला असतो.

कंपनीतून आलेला ब्लॉक खरबरीत कसा होतो? आपणच करतो. हेड काढल्यावर जुन्या गॅस्केटचे अवशेष काढायला एअर ग्राइंडरवर अपघर्षक डिस्क लावून ब्लॉकवर फिरवतात. चकचकीत दिसतं, पण डिस्क जिथे जास्त वेळ रेंगाळते तिथे खळगा पडतो. ॲल्युमिनियमवर तर काही सेकंदांत पडतो. शिवाय डिस्कमधून सुटलेली ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड तेलाच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते. जनरल मोटर्सने या डिस्क वापरू नका असं आपल्या डीलरांना लेखी कळवलं होतं. योग्य पद्धत कंटाळवाणी आहे. गॅस्केट रिमूव्हर फवारा, भिजू द्या, प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने काढा, बिडाच्या ब्लॉकवर ब्लेड आडवं धरून चालवा, शेवटी धागे न सुटणाऱ्या फडक्याने ॲसिटोन. बोटाचा तेलकट डागही राहता कामा नये.

याच १.८ टर्बोचं एक इंजिन आमच्याकडे आलं होतं, तुमच्यासारखीच कहाणी. दुसऱ्या गॅरेजमध्ये दर वेळी हेड फेस झालेलं, ब्लॉक जसाच्या तसा. स्टड नवे, गॅस्केट नावाजलेल्या कंपनीची, ट्यूनही (इंजिन कंप्युटरची सेटिंग) बरा. गॅस्केट दर वेळी दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधून गेलेली. ब्लॉकवर स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, ठेवली तर लांबीत ०.०५ मिलिमीटरची फीलर गेजची पाती कुठेच शिरत नव्हती, आणि इथेच सगळे थांबतात. पण दोन आणि तीनच्या मधल्या अरुंद पट्टीवर छोटी पट्टी आडवी ठेवली तेव्हा ०.०३ ची पाती सरकली. तिथे डिस्क फिरली होती. रफनेस टेस्टर लावला तर कडेला कंपनीची मूळ फिनिश शिल्लक होती आणि मध्ये आरए २ च्या पुढे. तिसरी गोष्ट कुणीच पाहिली नव्हती. स्टडच्या भोकांच्या तोंडाशी धातू वर ओढला जाऊन कंगोरा तयार झाला होता. बोल्ट अनेकदा शेवटापर्यंत ताणले की पहिला आटा ब्लॉकचं बीड वर खेचतो. तो कंगोरा हेडला टेकतो आणि स्टडचा दाब बोअरभोवती पोचण्याऐवजी भोकाभोवतीच अडकतो. असं झालं की टॉर्क रिंच बरोबर आकडा दाखवतं आणि गॅस्केटवर मात्र दाब कमीच राहतो.

ब्लॉक पूर्ण उघडला, सीबीएनच्या (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, अतिकठीण पदार्थ) टूलने ०.१२ मिलिमीटर काढलं, भोकांच्या तोंडांना सुमारे १ मिलिमीटर चॅम्फर (तिरकी कड) दिला. गॅस्केट त्याच कंपनीची आणि त्याच नमुन्याची, फक्त जाडी बदलली. स्टड तेच, टॉर्क तोच, बूस्टही तोच. ते इंजिन टिकलं. मध्यंतरी त्या गाडीच्या आधीच्या मेकॅनिकचं म्हणणं होतं की आणखी जाड गॅस्केट टाका, भरून निघेल. नाही निघत. जाड स्टील गॅस्केटमध्ये मधला साधा पत्रा जाड असतो. बाहेरचे उठावाचे पत्रे आणि रबराचा थर बारीक गॅस्केटइतकेच असतात. जाडी कॉम्प्रेशन जुळवायला आहे, खळगे भरायला नाही.

टोयोटा सुप्राचं १९८६ नंतरचं ७एम-जीटीई इंजिन घ्या. हेड गॅस्केट जाण्यासाठीच ते जगभर ओळखलं जातं. कंपनीने दिलेला टॉर्क ७८ न्यूटन-मीटरच्या आसपास, त्या लांब सहा सिलिंडरच्या हेडला अपुरा. लोकांनी तो १०० पर्यंत नेला आणि बराच फरक पडला. मग स्टीलच्या गॅस्केट आल्या. ज्यांनी इंजिन गाडीतच ठेवून, ब्लॉक नुसता पुसून त्या बसवल्या, त्यांच्या पुन्हा गळल्या. ज्यांनी ब्लॉक फेस केला त्यांच्या राहिल्या. ब्लॉकला हात लावायची गरज नाही म्हणणाऱ्यांनी या इंजिनाचा इतिहास एकदा वाचावा.

मोजायचं असं. हेड आणि ब्लॉक दोन्हींवर सहा रेषा: दोन लांबीच्या कडा, दोन आडव्या कडा, दोन कर्ण. नंतर बोअरच्या मधल्या पट्ट्या वेगळ्या. पूर्ण लांबीत ०.०५ मिलिमीटर आणि कुठल्याही ७५ मिलिमीटरमध्ये ०.०२५ ही माझी हद्द. रफनेस टेस्टर गॅरेजमध्ये नसतो, पण भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत वाहनांचे भाग बनवणाऱ्या शॉपमध्ये विचारा, मिळतो. फेसिंगला बिडासाठी सीबीएन, ॲल्युमिनियमसाठी पीसीडी (कृत्रिम हिऱ्याचं टूल), वेग जास्त, फीड कमी, शेवटचा कट ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरचा. दगडाच्या ग्राइंडरवर ॲल्युमिनियमचं हेड घेऊ नका. दगड भरतो आणि पृष्ठभाग फाटतो.

हेड तापून वाकलं असेल तर कडकपणाही तपासा. चांगल्या ॲल्युमिनियम हेडला ब्रिनेल ८० च्या आसपास मिळतो. ६० च्या खाली नरम पडलेलं हेड मी घेत नाही. ते फेस केल्यावर सरळ दिसतं, पण वॉशरखाली दबत जातं आणि टॉर्क सुटतो.

ब्लॉकमधून ०.२५ मिलिमीटर काढलं तर ८१ मिलिमीटर बोअरला दर सिलिंडरमागे १.३ सीसी कमी होतात. कॉम्प्रेशन ९.५ असेल तर ९.७ होतं. तेवढीच जाड गॅस्केट घेतली की परत जागेवर. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मातीच्या गोळीने तपासा आणि कॅमचं टायमिंग पुन्हा बघा. ब्लॉक उघडलाच आहे तर होनिंग (बोअर घासून अचूक करणं) टॉर्क प्लेट लावून, म्हणजे हेडऐवजी जाड पाटा आवळून, करून घ्या, त्याच गॅस्केट आणि त्याच स्टडसह.

आता स्टड. ८१ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ ५,१५३ चौरस मिलिमीटर. सिलिंडरमधला कमाल दाब १०० बार असताना हेड वर ढकलणारं बल ५१ किलोन्यूटन, म्हणजे सव्वापाच टन. १४० बारला ७२ किलोन्यूटन. तुमच्या इंजिनात चार सिलिंडरना दहा बोल्ट. एम१० (१० मिलिमीटर आट्याच्या), ८७४० जातीच्या पोलादाच्या स्टडची ताणशक्ती सुमारे १,३८० मेगापास्कल. दोन-तृतीयांश ताणला तर एकेक ५३ किलोन्यूटन देतो. दहांचे मिळून ५३०, सिलिंडरमागे १३३. १०० बारला ही अडीचपट पकड आहे, तिथे निर्धास्त राहा. १४० बारला दुपटीपेक्षा कमी उरते. एआरपी २००० चे स्टड घेतले तर ताणशक्ती दहा टक्के वाढते आणि दुप्पट गाठते. या जोरावर नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं) मात्र सोसत नाही. नॉकिंगचे दाब क्षणभरासाठी याच्या खूप वर जातात, हेड उचललं जातं, आणि बोअरभोवतीची कडा चेपून बाहेर ढकलली जाते. काढलेल्या गॅस्केटवर कडा एका बाजूला लोटलेली दिसली तर आधी इग्निशन आणि इंधनाचा नकाशा दुरुस्त करा. ९१ ऑक्टेनवर बनवलेला ट्यून आणि एक्सपी९५ किंवा एक्सपी१०० (इंडियन ऑइलची ९५ आणि १०० ऑक्टेनची पेट्रोलं) वर बनवलेला ट्यून वेगळे असतात. शंभरचा ट्यून घालून साधं पेट्रोल भरलं तर कुठलीच गॅस्केट वाचणार नाही.

स्टड लावताना सगळ्यात जास्त चुका वंगणात होतात. टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच ताण बनतो, बाकी घर्षण खातं. एम१० वर ७० न्यूटन-मीटर लावले आणि स्टडसोबत आलेलं वंगण वापरलं तर ५३ किलोन्यूटनच्या आसपास मिळतात. तेच ७० कोरड्या आट्यांवर लावले तर ३५. म्हणून किटच्या कागदावरचा आकडा आणि त्याच किटचं वंगण, दोन्ही एकत्रच पाळा. आटे आणि नटची वॉशरवर टेकणारी बाजू, इथे वंगण लावायचं. वॉशरची हेडकडची बाजू कोरडी. वॉशरची चॅम्फर असलेली बाजू वर.

ब्लॉकमधली भोकं कापणाऱ्या टॅपने नाही, थ्रेड चेझरने साफ करा आणि हवा मारून कोरडी करा. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड आत जाताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकतो. स्टड ब्लॉकमध्ये फक्त हाताने घट्ट. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल तरच आट्यांना सीलंट. डॉवेल (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) जागेवर आहेत का पाहा. गॅस्केट कोरडी बसवा. शेलॅक, ग्रे सिलिकॉन, ॲल्युमिनियम पेंट, काहीही नको. पेस्टचा जाड थर उठावाच्या कडांना नीट बसू देत नाही आणि सुटलेला तुकडा कूलंटच्या भोकात अडकतो. दाब सील करायला पेस्ट कधीच पुरी पडत नाही. कंपनीने सांगितलेल्या जोडाच्या कोपऱ्यावर ठिपका लावायचा असेल तेवढाच अपवाद.

नट मधून बाहेर गोलाकार क्रमाने, तीन सारख्या टप्प्यांत. शेवटच्या टप्प्यात रिंच एका सलग ओढीत न्या. मध्ये थांबलं तर पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो आणि आकडा खोटा येतो. नवे स्टड असतील तर शेवटच्या टॉर्कपर्यंत नेऊन सैल करणं दोन-तीनदा करा, मग अंतिम टॉर्क द्या. घर्षण एकसारखं होतं.

कॉपरचं थोडक्यात. कॉपर गॅस्केट ड्रॅग रेसिंगच्या इंजिनांची गोष्ट आहे, ज्यांतली अनेक पाण्याशिवाय धावतात. तिथे ब्लॉकला किंवा हेडला खाचा पाडून १ मिलिमीटरची स्टेनलेस तार बसवतात, ती सुमारे ०.२५ मिलिमीटर वर राहते आणि तापवून मऊ केलेल्या कॉपरमध्ये रुतते. दाब जबरदस्त सील होतो, पाणी मात्र झिरपतं आणि टॉर्क पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत हे करू नका. आणि तारेच्या खाचा असलेल्या ब्लॉकवर स्टीलची गॅस्केट तर मुळीच नको.

बसवून झाल्यावर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. बोअरवेलचं पाणी नको, त्यातले क्षार हेडच्या पाण्याच्या वाटा खातात. हीटर उघडा ठेवून हवा पूर्ण काढा. थर्मोस्टॅट काढून फेकायची जी सवय आपल्याकडे आहे तिने गाडी थंड राहते असं वाटतं. प्रत्यक्षात हायवेवर इंजिन धड तापत नाही, ट्रॅफिकमध्ये तापतं, आणि हेड सतत पुढेमागे सरकत राहतं. थर्मोस्टॅट नवा टाका. तेल ८० अंशांवर गेल्याशिवाय पूर्ण बूस्ट मारू नका.

काही अपवाद आहेत. गाडी मूळ पॉवरवर असेल, ब्लॉकवर कधी डिस्क फिरली नसेल आणि दोन्ही मापं हद्दीत असतील तर ब्लॉक उघडायची गरज नाही. कंपनीचे नवे बोल्ट टाका, आधी टॉर्क द्या आणि मग ठरलेल्या अंशांनी फिरवा, ते बोल्ट पुन्हा वापरू नका. स्टीलच्या गॅस्केटला सहसा पुन्हा टॉर्क लागत नाही. कंपोझिट (ग्रॅफाइट-फायबरच्या) आणि कॉपरला लागतो, इंजिन पूर्ण थंड असताना, एकेक नट. वर उठणारे लायनर (सिलिंडरच्या आतल्या वेगळ्या नळ्या) असलेल्या डिझेलला हे नियम जसेच्या तसे लावू नका, तिथे लायनरची उंची आधी मोजतात. आणि होंडाच्या बी-सीरिजसारखा वरून उघड्या डेकचा (बोअरभोवतीची पाण्याची जागा वरून उघडी असलेला) ॲल्युमिनियम ब्लॉक असेल तर ब्लॉक कितीही गुळगुळीत केला तरी जास्त बूस्टला बोअरच हलतात. तिथे नव्या स्लीव्ह टाकल्याशिवाय भागत नाही.

तुमचा ब्लॉक बिडाचा आहे, बंद डेकचा आहे, फेस होण्याजोगा आहे. मशीन शॉपला देताना आरएचं रीडिंग कागदावर मागा, बोअरच्या मधल्या तिन्ही पट्ट्यांवर घेतलेलं. द्यायला तयार नसतील तर ब्लॉक दुसरीकडे न्या.